दहा मिलिमीटरची भिंत, उरली किती?

९ ऑगस्ट २००४. जपानमधल्या मिहामा अणुवीज केंद्राची तिसरी अणुभट्टी नेहमीसारखी चालू होती. टर्बाइनच्या इमारतीत कंत्राटी कामगार पाच दिवसांवर आलेल्या नियमित तपासणीची तयारी करत होते. तेवढ्यात वरून जाणारा पाण्याचा एक मोठा पाइप फुटला. आतलं पाणी सुमारे १४० अंश सेल्सिअसचं होतं आणि केवळ दाबामुळे ते पाणी राहिलं होतं. दाब सुटताच त्यातल्या काहीची वाफ झाली आणि सगळी जागा तिने भरून गेली. पाच जण गेले, सहा जण भाजले. या पाण्याचा अणुइंधनाशी संबंध येत नाही, त्यामुळे किरणोत्सर्गाचा प्रश्न उद्भवला नाही. बातमी तरी 'अणुभट्टीत अपघात' अशीच झाली आणि मला वाटतं ते बरोबरच होतं.

पाइप होता ५६० मिलिमीटर व्यासाचा, साध्या कार्बन पोलादाचा, भिंतीची जाडी १० मिलिमीटर. जिथे फुटला तिथे ती घासून घासून दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती. ही भट्टी १९७६ साली सुरू झाली तेव्हापासून अठ्ठावीस वर्षांत त्या जागेची जाडी एकदाही मोजलेली नव्हती. मोजायचं यंत्र नव्हतं असं नाही; ते हातात मावतं. अशा जागी झीज होते हेही ठाऊक नव्हतं असं नाही. ती जागा तपासणीच्या यादीतून सुटली होती, एवढंच. सुटल्याचं आदल्या वर्षी लक्षातही आलं होतं आणि येऊ घातलेल्या तपासणीत ती बघायचं ठरलं होतं.

जुन्या अणुवीज केंद्रातले पाइप अजून किती टिकतील, याचं उत्तर देणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यात धातुशास्त्र आहे, भौतिकशास्त्र आहे, भरपूर गणित आहे. पण एका केंद्रात पाइपांची लांबी किलोमीटरमध्ये मोजायची असते आणि वेल्ड हजारांच्या घरात असतात. सगळं तपासणं शक्य नाही. त्यामुळे बघायचं कुठे हे ठरवण्यातच अर्धी कसोटी असते. तिथे 'किती वर्षं झाली' हा प्रश्न वाटतो तेवढा कामाचा नाही.

वर्षांच्या आकड्याचंच बघा. अमेरिकेत अणुभट्टीचा पहिला परवाना ४० वर्षांचा असतो, म्हणून चाळिशी झाली की भट्टी म्हातारी, असं अनेकांना वाटतं. खरं तर तो आकडा ठरला आर्थिक आणि मक्तेदारीविरोधी विचारातून. पोलाद चाळिसाव्या वर्षी दमतं, असं कोणी मोजून काढलेलं नव्हतं. (तरी एकदा आकडा ठरल्यावर काही भागांचं डिझाइन त्यावर बेतलं गेलं, हेही तितकंच खरं.) उलट १९९८ साली फ्रान्समधल्या सिवो केंद्राच्या पहिल्या अणुभट्टीत काय झालं बघा. भट्टी वीज द्यायला लागून सहा महिनेही झाले नव्हते आणि उष्णता काढून नेणाऱ्या पाइपाच्या एका बाकाला १८० मिलिमीटर लांबीचा आरपार तडा गेला. तासाला ३० हजार लिटर पाणी वाहून जाऊ लागलं. गरम आणि थंड पाणी जिथे एकत्र येतं तिथून थोडं पुढे पाइपाच्या आतल्या पृष्ठभागाला क्षणात गरम, क्षणात थंड असे हेलकावे बसत होते. धातू सतत फुगत-आकसत राहिला आणि थकला. ही औष्णिक थकावट. तिला जुना पाइप लागत नाही. दोन तापमानांचं पाणी आणि नडणारी जागा मिळाली की पुरतं.

पाणीच पोलाद खातं

मिहामातल्या झिजेला प्रवाहामुळे वाढणारा गंज म्हणतात. नाव ऐकून वाटतं, वेगाने वाहणारं पाणी भिंत खरवडत असेल. प्रत्यक्षात तसं होत नाही. गरम पाण्यात कार्बन पोलादावर मॅग्नेटाइट नावाच्या लोह ऑक्साइडचा काळा, पातळ थर आपोआप तयार होतो. हा थर खालच्या धातूचं रक्षण करतो. पण तो पाण्यात थोडाथोडा विरघळतही असतो. पाणी संथ असेल तर भिंतीलगतचं पाणी लोहाने भरून जातं आणि विरघळणं मंदावतं. प्रवाह जोरात आणि खळबळता असेल तर लोह लगेच वाहून जातं, भिंतीला सतत ताजं पाणी भेटतं आणि थर विरघळतच राहतो. तो भरून काढायला खालून नवं पोलाद खर्ची पडतं. म्हणजे भिंत पातळ होते ती रसायनामुळे. प्रवाह फक्त त्याला घाई करतो.

यावरून जागा ओळखता येतात. एल्बो म्हणजे पाइपाची वळणं, टी-जोड, व्हॉल्व्हच्या पुढचा भाग, आणि प्रवाह मोजायला बसवलेल्या अरुंद भोकाच्या तबकडीच्या, म्हणजे ओरिफिसच्या, लगेच पुढचा भाग. मिहामातला पाइप नेमका अशाच ओरिफिसच्या पुढे फुटला. तापमानाचंही आहे: नुसत्या पाण्याच्या पाइपात ही झीज १५० अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात होते, त्याहून फार गरम किंवा फार थंड असेल तर कमी. पोलादात क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास असलं तरी झीज जवळजवळ थांबते. म्हणून एकाच रांगेतले, एकाच दिवशी बसवलेले दोन एल्बो वेगवेगळे झिजू शकतात. एकाच्या पोलादात ओतताना चुकून थोडं जास्त क्रोमियम आलेलं असतं, दुसऱ्यात नसतं.

मिहामाच्या आधी १८ वर्षं, डिसेंबर १९८६ मध्ये, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या सरी केंद्रात याच कारणाने फीडवॉटर पंपाकडे, म्हणजे वाफ बनवायला पाणी ढकलणाऱ्या पंपाकडे, जाणाऱ्या पाइपाचा एल्बो फुटला होता आणि चार कामगारांचा जीव गेला होता. त्यानंतर कुठे झीज होईल याचा अंदाज बांधणारे संगणकीय कार्यक्रम आले, तपासणीच्या पद्धती लिहिल्या गेल्या. मिहामा हे सगळं झाल्यावरचं आहे.

एक आकडा मिळवायला

जाडी मोजतात कशी ते जरा जवळून बघू. भट्टी बंद असताना पाइपावरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, उतरवतात, पृष्ठभाग साफ करतात आणि मार्करने त्यावर चौकटी आखतात. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर जेली लावून अल्ट्रासाउंडचा प्रोब टेकवतात. ध्वनी पोलादातून सेकंदाला साधारण ५,९०० मीटर वेगाने जातो, आतल्या पृष्ठभागावर आपटून परत येतो. १० मिलिमीटरच्या भिंतीतून जाऊन यायला त्याला साडेतीन मायक्रोसेकंदही लागत नाहीत. यंत्र तो वेळ मोजून जाडी दाखवतं. चौकटी आखण्याचं कारण असं की झीज सगळीकडे सारखी नसते. एल्बोच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग पातळ असतो आणि वीतभर पलीकडे भिंत जवळपास नव्यासारखी असते. नेमका तो तळहात सुटला तर बाकीचे आकडे छानच दिसतात.

समजा, १० मिलिमीटरचा पाइप १२ वर्षांनी ७ मिलिमीटर भरला. वर्षाला पाव मिलिमीटर गेला. दाब सोसायला किमान ४ मिलिमीटर हवेत, असं डिझाइनचं गणित सांगतं. हाताशी ३ मिलिमीटर आहेत, म्हणजे अजून १२ वर्षं निभावेल. सोपं आहे ना?

नाही. पाइप कारखान्यातून आला तेव्हा तो खरंच १० मिलिमीटरचा होता का? पाइप बनवताना जाडीत १२.५ टक्के कमी चालते, अशी सूट सर्रास असते. बाकात वाकवताना बाहेरची बाजू ताणून आणखी पातळ होते. पहिल्या दिवशी कोणी मोजून ठेवलं नसेल तर '१० वरून ७' यातलं १० हे फक्त कागदावरचं. ती जागा मुळात ९ ची असेल तर झीज आपण समजतो त्यापेक्षा कमी आहे. ११ ची असेल तर जास्त. जुन्या केंद्रांत ही अडचण पावलोपावली येते, कारण सत्तरच्या दशकात पाइप बसवताना सुरुवातीची जाडी टिपून ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं. म्हणून एका मोजणीवर विसंबत नाहीत. त्याच चौकटीच्या त्याच कोपऱ्यावर काही वर्षांनी पुन्हा मोजतात आणि त्या दोन आकड्यांमधल्या फरकावर दर काढतात. त्यावर सुरक्षेचा गुणक लावतात आणि उरलेलं आयुष्य पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत पुरत नसेल तर पाइप याच खेपेला बदलतात.

तडा: तीन गोष्टी जमल्या की

झीज निदान मोजता तरी येते. तड्याचं प्रकरण जास्त अवघड आहे.

मुख्य पाइप, ज्यांतून भट्टीचं पाणी जातं, ते बहुतेक स्टेनलेसचे असतात किंवा आतून स्टेनलेसचा थर दिलेले असतात. दाबाच्या पाण्याच्या भट्टीत (जिथे दाबामुळे पाणी उकळत नाही) तिथला दाब सुमारे १५५ बार असतो आणि तापमान ३०० अंशांच्या आगेमागे. स्टेनलेसला आधी सांगितलेली प्रवाहाची झीज होत नाही. त्याला होतो तो ताण-गंज तडा. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: नाजूक झालेला धातू, त्याला छळणारं पाणी आणि ताण. यातली एक जरी काढून घेतली तरी तडा वाढत नाही.

उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांनी (जिथे पाण्याची वाफ भट्टीतच होते) हे सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुरेपूर अनुभवलं. ३०४ जातीच्या स्टेनलेसचं वेल्डिंग करताना वेल्डच्या बाजूची पट्टी ५०० ते ८०० अंशांत काही काळ राहते. त्या वेळी धातूच्या कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बनशी संयोग पावतं आणि आजूबाजूला क्रोमियमचा दुष्काळ पडतो. गंज अडवणारं क्रोमियमच नसल्यावर कणांच्या सीमा उघड्या पडतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन होताच. ताण वेल्डिंगनेच देऊन ठेवलेला असतो, कारण वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि बाजूच्या धातूला ओढून धरतो. तो ओढा पाइपात दाब नसतानाही कायम असतो. उपाय तिन्ही बाजूंनी केले गेले: कमी कार्बनचं ३१६ जातीचं स्टेनलेस, पाण्यात हायड्रोजन सोडून ऑक्सिजन कमी करणं, आणि वेल्डवर बाहेरून उष्णता देऊन आतला ताण उलटवणं.

इथे एक पेच आहे. ऑक्सिजन कमी केला तर स्टेनलेस सुखावतं, पण कार्बन पोलादाची झीज वाढते, कारण मॅग्नेटाइटचा थर विरघळायला ऑक्सिजन नसलेलं पाणीच जास्त मानवतं. एकाच केंद्रात दोन्ही धातू असतात. पाण्याचं रसायन सांभाळणाऱ्यांना ही कसरत रोज करावी लागते.

दाबाच्या पाण्याच्या भट्ट्यांत ऑक्सिजन मुळातच जवळपास नसतो, त्यामुळे तिथल्या स्टेनलेसला ताण-गंजाची फारशी भीती नाही, असं मानलं जात होतं. २०२१ च्या अखेरीस पुन्हा सिवोमध्येच, दहा वर्षांनी होणाऱ्या तपासणीत, आणीबाणीत पाणी पुरवणाऱ्या पाइपांत संशयास्पद प्रतिध्वनी आले. तपासणी चालू होती औष्णिक थकावटीसाठी. पाइपाचे तुकडे कापून प्रयोगशाळेत पाहिले तर निघाला ताण-गंज तडा. मग फ्रान्सभर शोध सुरू झाला, एकेक भट्टी बंद करून वेल्ड तपासले गेले. २०२२ साली फ्रान्सची अणुवीज २७९ अब्ज युनिटांवर घसरली, तीस वर्षांतला नीचांक. त्याचं एक मोठं कारण हे तडे होते.

गंमत अशी की (गंमत म्हणायला जीव धजत नाही, पण तरी) सगळ्यात जास्त तडे सगळ्यात जुन्या भट्ट्यांत नव्हते. नंतरच्या, मोठ्या भट्ट्यांत होते, कारण त्यांच्या पाइपांची वळणं वेगळी होती. त्या मांडणीत पाइपाच्या वरच्या भागात गरम आणि खालच्या भागात थंड पाणी असे थर साचायचे, पाइप वाकू पाहायचा आणि वेल्डवर जादा ताण यायचा. मग मार्च २०२३ मध्ये पॅनली केंद्राची पहिली भट्टी आली. तिथला पाइप या वळणांच्या हिशेबात धोक्याचा नव्हताच. त्याच्या एका वेल्डजवळ १५५ मिलिमीटर लांब तडा निघाला, खोली २३ मिलिमीटर. भिंत होती २७ ची. तो वेल्ड केंद्र बांधताना दुरुस्त केलेला होता आणि दुरुस्तीमुळे त्यात वाढीव ताण कोंडला गेला होता. लगेच तपासणीच्या यादीत नवा निकष आला: बांधकामाच्या वेळी कोणकोणते वेल्ड दुरुस्त झाले होते? म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या वेल्डिंगच्या नोंदी उघडा. जुन्या केंद्राचं दप्तर नीट लावलेलं असणं हा सुरक्षेचाच भाग आहे, असं मला वाटतं ते यासाठी.

सापडला, आता पुढे काय

तडा अल्ट्रासाउंडने शोधतात, पण जाडी मोजण्याइतकं ते सरळ नाही. स्टेनलेसच्या वेल्डमध्ये धातूचे कण मोठे आणि लांबट असतात. ध्वनी त्यांवर विखुरतो, वळतो, खोटे प्रतिध्वनी देतो. बऱ्याचदा वेल्डच्या एकाच बाजूने प्रोब लावता येतो, कारण दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्ह असतो. त्यात तपासनीसाला मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस मर्यादेत ठेवायचा, म्हणजे हात भराभर चालवायचा. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या 'पिस्क' या आंतरराष्ट्रीय प्रयोगमालेत वेगवेगळ्या पथकांना मुद्दाम दोष ठेवलेले पोलादी नमुने तपासायला दिले होते. निकाल अनेकांचा आत्मविश्वास उतरवणारे होते. तेव्हापासून तपासणीची पद्धत आणि माणूस, दोघांनीही खऱ्यासारख्या नमुन्यांवर परीक्षा पास व्हायची, हा नियम हळूहळू रूढ झाला.

तडा सापडला म्हणजे पाइप लगेच टाकायचा, असं नाही. आधी हिशेब करायचा. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो. तडा चौपट खोल झाला की ही तीव्रता दुप्पट होते. ती धातूच्या चिवटपणाच्या पलीकडे गेली तर तडा धावतो. चांगलं स्टेनलेस इतकं चिवट असतं की ते असं अचानक तडकत नाही. तड्याने खाऊन उरलेला धातू भार पेलेनासा झाला की ते ताणून, लवून हार मानतं. ओतीव स्टेनलेसचं मात्र वेगळं आहे. त्यातला फेराइटचा (लोहाच्या एका स्फटिकरूपाचा) अंश ३०० अंशांच्या आसपास दशकानुदशकं राहून कडक आणि ठिसूळ होत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि जाडीही तीच राहते, पण हिशेबातला चिवटपणाचा आकडा खाली आणावा लागतो. खऱ्या अर्थाने वयाशी बांधलेला बदल म्हणायचा तर हा.

तडा कुठल्या दिशेला आहे, यावरही बरंच ठरतं. दाबामुळे पाइपाच्या घेरात येणारा ताण लांबीच्या दिशेतल्या ताणाच्या दुप्पट असतो. नुसत्या दाबाने पाइप फुटायचा तर उभा चिरेल. पण वेल्ड घेराने असतो, वेल्डमधला ताण आणि पाइप वाकवणारे भार वेल्डलगत आडवे तडे वाढवतात, आणि आडवा तडा पुरता फिरला तर पाइपाचे दोन तुकडे होतात. सगळ्यात भीती त्याची.

यावरचं एक मोठं आश्वासन म्हणजे 'आधी गळती, मग फूट' हे तत्त्व. चिवट पाइपात तडा आरपार गेला तर आधी पाणी झिरपेल, उपकरणं ते टिपतील आणि फुटण्याच्या कितीतरी आधी भट्टी बंद करता येईल. हे नुसतं म्हणून चालत नाही. अमेरिकी नियमांत उपकरणांना जेवढी गळती पकडता येते तिच्या दहापट गळती देणारा तडा गृहीत धरतात आणि फूट ज्या लांबीला होईल ती त्या तड्याच्या किमान दुप्पट असल्याचं दाखवावं लागतं. मिनिटाला सुमारे चार लिटर गळती पकडता येत असेल तर हिशेब चाळीस लिटरच्या तड्याचा.

पण ज्या पाइपाला ताण-गंज, प्रवाहाची झीज किंवा पाण्याचे जोरदार धक्के यांचा धोका आहे, त्याला हे तत्त्व लावू देत नाहीत. कारण असा तडा एका जागी आरपार न जाता आतून सगळ्या घेरात पसरू शकतो. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या ड्युएन आर्नल्ड केंद्रात भट्टीच्या तोंडाशी असलेल्या पाइपाच्या तुकड्यात गळती दिसली आणि तपासलं तर तड्याने आतून जवळपास पूर्ण घेर घेतलेला होता. तिथे गळतीने वेळेवर इशारा दिला. दर वेळी देईलच, यावर परवाना देता येत नाही.

राहिला निर्णय. तडा लहान असेल, वाढीचा वेग माहीत असेल, तर पुढच्या तपासणीपर्यंत तो किती होईल हे काढून पाइप तसाच चालवतात. मोठा असेल तर कापून नवा बसवतात. मधला मार्ग म्हणजे बाहेरून वेल्डचा जाड थर चढवणं: भार पेलायला नवा धातू मिळतो, आणि थर थंड होताना आकसून आतल्या पृष्ठभागाला आवळतो, त्यामुळे तड्याचं तोंड दाबलं जातं. काम लवकर होतं, डोस कमी लागतो, पाइपातलं पाणीही बऱ्याचदा काढावं लागत नाही. फक्त त्या थराखालचा मूळ वेल्ड पुढे नीट तपासता येईल ना, हे थर चढवण्याआधी ठरवावं लागतं, कारण ध्वनीला आता दुप्पट कणीदार धातूतून जायचं असतं आणि तडा अजून तिथेच असतो.